आचरेकर सरांची आठवण: कुणी जपली, कशी जपली

रमाकांत आचरेकर सर 2 जानेवारी 2019 रोजी गेले. वय 86. दुसऱ्या दिवशी दादरला त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली पोरं बॅटी उंचावून उभी होती. खांदा देणाऱ्यांत सचिन तेंडुलकर होता. त्याच सकाळी सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि भारतीय संघ दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरला. सर स्वतः भारताकडून एकही सामना खेळले नव्हते. त्यांची ओळख एवढीच, की ते शाळकरी पोरांना क्रिकेट शिकवायचे.

शासकीय इतमाम मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि 2010 साली पद्मश्री मिळालेल्या माणसाला राज्याकडून मानवंदना मिळाली नाही, यावर बरीच ओरड झाली. संवादात गफलत झाली, असं सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं. पुढे जवळपास सहा वर्षांनी, 3 डिसेंबर 2024 रोजी, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या दिवशी, शिवाजी पार्कच्या पाच नंबर गेटपाशी त्यांचं स्मारक उभं राहिलं.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं त्याला कारण आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात, प्रत्येक जुन्या शाळेत असे एक सर होऊन गेलेले असतात. ते गेले की शोकसभा होते, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं, त्यांच्या नावाने एखादा फिरता चषक सुरू होतो आणि चार-पाच वर्षांत तो फिरायचा थांबतो. प्रेम कमी पडतं असं नाही. नेमकं काय जपायचं, हेच ठरलेलं नसतं. आचरेकर सरांच्या बाबतीत जे जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं, त्यामुळे ते तपासून पाहता येतं. तपासल्यावर माझं मत असं झालं आहे की सरांची खरी आठवण त्यांच्या शिष्यांपैकी जे पुढे स्वतः प्रशिक्षक झाले, त्यांनी जपली. त्यातही जो शिष्य सर्वांत कमी गाजला, त्याचा वाटा मोठा आहे.

बँकेतला माणूस

सर स्टेट बँकेत नोकरीला होते. प्रथम श्रेणीचा सामना खेळले तो एकच, 1963-64 च्या मोसमात मोईनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत, बँकेच्याच संघाकडून हैदराबादविरुद्ध. त्यापलीकडे खेळाडू म्हणून त्यांचं क्षेत्र मुंबईच्या क्लब क्रिकेटचं. या शहरात असे शेकडो गुणी खेळाडू झाले. कसून खेळायचे, पावसाळ्यातल्या कांगा लीग स्पर्धेत भिजायचे आणि सोमवारी पुन्हा टेबलाशी बसायचे. सरांचं वेगळेपण इतकंच, की स्वतःचं खेळणं मागे पडत गेलं तसं त्यांनी दुसऱ्यांच्या खेळाकडे बघायला सुरुवात केली, आणि तो डोळा अचूक निघाला.

शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबची नेट आणि दादरच्याच शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ, ही त्यांची दोन ठिकाणं. बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार ही पुढे भारताकडून खेळलेल्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. यांतले सगळेच शारदाश्रमचे नव्हेत, पण सरांच्या हाताखालून गेलेले आहेत. संधू 1983 च्या विश्वविजेत्या संघात होता आणि सचिन 2011 च्या. मधली 28 वर्षं सर त्याच मैदानावर, त्याच झाडांखाली होते. शेवटची बरीच वर्षं पक्षाघातामुळे बोलणं-चालणं अवघड झालं, तरी पार्काशी नातं सुटलं नाही.

रीत

सचिन पहिल्यांदा नेटवर गेला तेव्हा तो 11 वर्षांचा होता. मोठा भाऊ अजित त्याला घेऊन गेला. सर समोर उभे राहून बघताहेत म्हटल्यावर पोरगं बावरलं, काही केल्या नीट खेळेना. अजितने सरांना विनंती केली की जरा लांब जाऊन, त्याला दिसणार नाही असं उभं राहून बघा. सर झाडाआड गेले आणि सचिन मोकळा झाला. ही गोष्ट आपण सचिनची म्हणून सांगतो. मला त्यात सर दिसतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या भावाचं म्हणणं ऐकून एक नावाजलेला प्रशिक्षक झाडामागे जाऊन उभा राहतो! एका नजरेत निकाल लावून मोकळं होणारे निवडकर्ते पाहिले की ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते कळतं.

पुढचं पाऊल त्याहून धाडसाचं होतं. वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमला ये, असं सरांनी सुचवलं, कारण तिथे आंतरशालेय क्रिकेट जोरात होतं. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवायचे. शिक्षकाच्या घरात मुलाची शाळा क्रिकेटसाठी बदलायची, म्हणजे घरच्यांनी सरांच्या शब्दावर टाकलेला विश्वास केवढा असेल! मग रोज वांद्रे ते दादर ही ओढाताण नको म्हणून सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला.

सरांचा सगळा भर सामन्यांवर होता. नेटमध्ये फलंदाज चार वेळा बाद झाला तरी पाचवा चेंडू खेळतो. सामन्यात एकदा चुकलं की पॅड सोडून दोन तास झाडाखाली बसावं लागतं. विकेटची किंमत पोराला तिथेच कळते. म्हणून सर सराव सामन्यांमागून सराव सामने लावायचे. मुंबईच्या मैदानांची रचनाही याला सोयीची. शिवाजी पार्क काय, आझाद मैदान काय, एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्क्वेअर लेगला खेटून उभा. सचिनला स्कूटरवर मागे बसवून सर या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे. समोरच्या कप्तानाशी आधीच बोलून ठेवलेलं असायचं की हा चार नंबरला खेळेल. इथे बाद झाला की किट उचलायची आणि पुढच्या मैदानावर. एका दिवसात तीन-तीन डाव, तीन वेगवेगळ्या खेळपट्ट्या, तीन प्रकारचे गोलंदाज. कुठल्याही पुस्तकी कोचिंगमध्ये हे बसत नाही, पण शाळकरी वयात पोराला जे लागतं ते यात सगळं होतं.

आणि संध्याकाळचं ते नाणं. दिवसभर खेळून पाय भरून आलेले असायचे, उजेड कमी होत चाललेला असायचा, तेव्हा सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. पार्कावर जी काय पोरं असतील ती सगळी क्षेत्ररक्षणाला. कुठेही झेल पकडला तरी बाद, त्यामुळे उंच मारायची सोयच नाही. जो गोलंदाज बाद करील, नाणं त्याचं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. प्रशिक्षक म्हणून या खेळाकडे बघावं. थकलेल्या फलंदाजाचं लक्ष पहिल्यांदा सुटतं ते दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात. सामन्यात बरेच चांगले डाव तिथेच संपतात. सरांनी नेमका तो अर्धा तास पकडला, त्यावर एक रुपया लावला आणि मैदानावरची झाडून सगळी पोरं त्यात गोवली. गोलंदाजालाही तेवढीच भूक लागली, कारण नाणं त्यालाही हवंच होतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मोकळेपणाने बोलायला हवं. शारदाश्रमच्या इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्या संघांत वानखेडेवर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. आपला सराव सामना चुकवून सचिन तो बघायला, टाळ्या वाजवायला गेला. सर तिथेच भेटले. किती रन केल्या, असं विचारलं. खेळायला गेलोच नाही म्हटल्यावर सर्वांसमोर अशी थप्पड बसली की हातातला डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला इथे येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ, अशा अर्थाचं सर बोलले. सचिन हा प्रसंग आयुष्याला वळण देणारा म्हणून कृतज्ञतेने सांगतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. पण आज शाळेत शिकवणाऱ्यांनी यातला हात घेऊ नये. त्या वाक्यात जे बळ होतं ते त्या थपडेमुळे आलं नव्हतं. पोरगा सामन्याला आला नाही, हे सरांना विचारण्याआधीच ठाऊक होतं. इतक्या पोरांत एकाची गैरहजेरी लक्षात ठेवणं, हे त्यातलं घेण्यासारखं आहे.

सर नसताना

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रमविरुद्ध सेंट झेवियर्स. 84 वर 2 बाद झाल्यावर सचिन आणि विनोद एकत्र आले आणि पुढे बादच झाले नाहीत. 664 धावांची भागीदारी. विनोद नाबाद 349, सचिन नाबाद 326, संघ 2 बाद 748. सचिनला पंधरावं वर्ष चालू होतं, विनोद 16 वर्षांचा. समोर गोलंदाजी करणाऱ्यांत पुढे भारताकडून खेळलेला साईराज बहुतुलेही होता.

हे आकडे सर्वांना माहीत असतात. या प्रकरणासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे: सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव सोडा, म्हणजे फलंदाजी थांबवून डाव घोषित करा, असा त्यांचा निरोप होता आणि तो सहाय्यक प्रशिक्षकाकडे होता. ते बिचारे सीमारेषेवरून ओरडत होते, हातवारे करत होते, आणि मधे दोघं पोरं ऐकूच येत नसल्यासारखी खेळत होती. विनोद तर गाणी म्हणत होता. शेवटी जेवणाच्या वेळी फोन लागला. सरांनी विचारलं, सांगितलं त्याचं काय झालं? विनोदने गयावया केली की सर, 349 वर आहे, एकच रन करू द्या. सर म्हणाले, डाव सोड. डाव सुटला.

तो एक रन सरांनी दिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं, असं मलाही कधी कधी वाटतं. पण सरांच्या बाजूने बघितलं तर सामना जिंकायचा बाकी होता. समोरच्या संघाला बाद करायला वेळ लागणार होता, आणि 748 नंतर 749 ची गरज संघाला नव्हती. एका मुलाच्या 350 ची गरज त्या मुलाला होती. दुपारी विनोदनेच चेंडू हातात घेऊन 37 धावांत 6 बळी काढले आणि सेंट झेवियर्सचा डाव 145 वर संपला. शाळेच्या संघाचा प्रशिक्षक कसा असावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. विक्रमाचा मोह पोरांना होणारच. तो मोडण्याची जबाबदारी मोठ्यांची, आणि ती त्यांनी फोनवरून पार पाडली.

त्या दोन दिवसांत पॅव्हेलियनमध्ये पॅड बांधून एक तिसरा मुलगा बसून होता. पुढचा फलंदाज. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

न उच्चारलेले दोन शब्द

सर कधी 'वेल प्लेड' म्हणायचे नाहीत. पोरगं हवेत जाईल ही भीती. खूश असले की खिशातून पैसे काढून द्यायचे, जा, वडापाव खा. पोरांनी त्यावरून ओळखायचं. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने हे साऱ्या जगासमोर सांगितलं: 29 वर्षांत सर मला एकदाही वेल प्लेड म्हणाले नाहीत, आता पुढे सामनेच नाहीत, तेव्हा सर, आता म्हणायला हरकत नाही. आणि सर गेले तेव्हाच्या त्याच्या श्रद्धांजलीत तेच दोन शब्द उलट दिशेने आले. सरळ खेळा आणि सरळ जगा हे सरांनी शिकवलं, असं लिहून शेवटी त्याने सरांनाच 'वेल प्लेड' म्हटलं, आणि जिथे असाल तिथे शिकवत राहा, असंही म्हटलं.

ते वाचताना माझा गळा दाटला होता. पण शिष्याच्या श्रद्धांजलीला एक मर्यादा असते, ती नाइलाजाने त्या शिष्याची गोष्ट होते. सरांच्या निधनाच्या बहुतेक बातम्यांचे मथळे 'सचिनचे गुरू' असेच होते. इतकी वर्षं, इतकी पोरं, आणि मथळ्यात एकच. सचिनचा यात काडीचाही दोष नाही. उलट गुरुपौर्णिमेला सरांच्या घरी जाणारा, प्रत्येक व्यासपीठावर त्यांचं नाव घेणारा शिष्य मिळाला, म्हणून तर देशाला सर माहीत झाले.

दगडाचं स्मारक

पाच नंबर गेटपाशी स्मारकाला सरकारने 2024 च्या ऑगस्टमध्ये मान्यता दिली, तेव्हा सर्व शिष्यांच्या वतीने बोलताना सचिनने शिवाजी पार्कचा उल्लेख सरांची कर्मभूमी असा केला. कायम शिवाजी पार्कातच असणं हीच सरांची इच्छा असती, असंही तो म्हणाला. जागेची निवड अगदी योग्य आहे. एखाद्या सभागृहाला किंवा स्टेडियमच्या स्टँडला नाव दिलं असतं तर किट पाठीवर घेऊन सकाळी नेटला येणाऱ्या पोराशी त्याचा संबंध राहिला नसता. इथे रोज शेकडो पोरं समोरून जातात, आणि त्यातलं एखादं तरी विचारणार, हे कोण?

अनावरणाच्या सोहळ्यात मात्र एक गोष्ट मनाला लागली. विनोद व्यासपीठावर होता, प्रकृती खालावलेली होती. बोलायला उभा राहिल्यावर त्याने सरांच्या आवडीचं जुनं हिंदी गाणं म्हटलं. सचिन त्याला भेटायला गेला तेव्हा त्याने सचिनचा हात सोडला नाही. ती चित्रफीत देशभर फिरली आणि त्यानंतर कित्येक दिवस लोक सचिन-विनोदच्या मैत्रीवर, पैशावर, नशिबावर बोलत राहिले. त्या सगळ्या गदारोळात सर बाजूला पडले. मला मात्र त्या गाण्याने सरांची सर्वांत जवळची ओळख दिली. एरवी कडक, कौतुकाला चिकट म्हणून सांगितला जाणारा माणूस पोरांत बसून गाणी ऐकायचा. आझाद मैदानात निरोप ऐकू येऊ नये म्हणून गाणी म्हणणारा मुलगा सरांसाठी गायला उभा राहिला, यापेक्षा मोठी श्रद्धांजली त्या दिवशी कुणी वाहिली असेल असं वाटत नाही.

शिकवणारे शिष्य

आता सरांच्या शिष्यांच्या यादीकडे पुन्हा बघा, यावेळी त्यांनी काय शिकवलं या बाजूने. 2007 साली भारताने पहिला टी-20 विश्वचषक जिंकला तेव्हा संघाबरोबर लालचंद राजपूत होता. 2017 साली अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हाही त्या संघाचा प्रशिक्षक राजपूतच. चंद्रकांत पंडितने विदर्भाला लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकून दिला आणि 2022 साली मध्य प्रदेशला पहिल्यांदा, तोही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. प्रवीण आमरे मुंबईचा प्रशिक्षक झाला. रमेश पोवारने भारतीय महिला संघाला शिकवलं. एका मैदानातल्या एका सरांच्या पोरांपैकी इतकेजण शिकवण्याच्या कामात पडले, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. पंडितच्या शिस्तीच्या गोष्टी ऐकल्या की शिवाजी पार्कचा वास येतो.

आणि मुझुमदार. 664 च्या वेळी पॅड बांधून वाट बघणारा. 1994 साली रणजीत पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध 260 धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. पुढे 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतकं, मुंबईचा कप्तान म्हणून रणजी करंडक. भारताची टोपी मात्र एकदाही नाही. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि त्याच्याच शाळेतला सचिन. वाट बघणं संपलंच नाही.

एकाच सरांची, एकाच शाळेची ही तीन मुलं. एकाला सगळं मिळालं, एकाला मिळालेलं टिकलं नाही, एकाला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. सरांनी तिघांनाही तेच नाणं, तेच सराव सामने, तेच मौन दिलं. म्हणून त्यांच्या कामाचं मोजमाप एकट्या सचिनवरून करू नये, तसंच विनोदच्या पुढच्या आयुष्याचा हिशोबही सरांच्या खात्यावर मांडू नये. शाळेतला प्रशिक्षक पंधरा-सोळा वर्षांपर्यंतचा सोबती असतो. त्याने पोराला खेळाची गोडी लावली, घाम गाळायची सवय लावली आणि संघ आधी हे मनावर बिंबवलं, की त्याचं काम झालं.

मुझुमदार ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. 2025 च्या विश्वचषकात संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला. टीका प्रशिक्षकावरही झाली. भारताकडून न खेळलेल्या माणसाला काय कळतं, हा जुना प्रश्न पुन्हा निघाला. तो प्रश्न ज्यांना पडला त्यांना एकच प्रथम श्रेणी सामना खेळलेल्या आचरेकर सरांचा विसर पडला असावा. उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा पार केल्या. जेमिमा रॉड्रिग्ज, वांद्र्याची मुलगी, नाबाद 127. आणि 2 नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारतीय मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. कप्तान हरमनप्रीत कौर मैदानातच मुझुमदारच्या पाया पडली. त्याने तिला उठवून जवळ घेतलं.